ऑस्ट्रेलियातील आदिवासी, तुरुंग आणि करारातील भागीदारी

मेलबर्नवासी : ‘सरकारने आदिवासी संघटनांना बरोबरीने बसवले, तरी तुरुंगातली त्यांची गर्दी वाढतेच आहे, म्हणजे दोष त्यांच्या घरांतच आहे’, हे काल वाचले आणि गप्प बसवेना. कोठडीतील आदिवासींच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी ‘शाही आयोगा’ने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या, तेव्हा सात कैद्यांमागे एक आदिवासी होता. लोकसंख्येत चार टक्क्यांच्या आत असलेला हा समाज आज कैद्यांमध्ये एक तृतीयांशाहून अधिक आहे. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात २००० पासून सरकार आणि आदिवासी समाज यांच्यात न्यायविषयक करार आहे, तरी २०१८ मध्ये जामिनाचे नियम आवळले गेले आणि किरकोळ चोरीच्या आरोपांत जामीन न मिळालेली आदिवासी महिला व्हेरोनिका नेल्सन जानेवारी २०२० मध्ये कोठडीत वारली. याला भागीदारी म्हणायचे?

सिडनीचा दुकानदार : माझ्या दुकानाची काच दोन वर्षांत तीनदा फुटली आणि तिसऱ्यांदा तर जामिनावर सुटलेलाच मुलगा होता. कराराची कलमे मला ऐकवू नका.

मेलबर्नवासी : तो आदिवासी होता, असे आपण कशावरून धरले?

सिडनीचा दुकानदार : तसे मी लिहिलेले नाही. शब्द माझ्या तोंडी घालू नका!

पुण्याची वाचक : माझे वडील हवालदार होते. घरफोडी झाली की पंचनाम्याआधी गाडी फासेपारध्यांच्या पालांकडे वळायची, हे ते निवृत्तीनंतर मान खाली घालून सांगत. १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेले समाज ३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त झाले, पण ठाण्यातला संशय गेला नाही. एकदा पकडलेल्या मुलाला सोडवायला आलेल्या म्हाताऱ्या आईलाच रात्रभर बसवून ठेवले होते.

सिडनीचा दुकानदार : विषय ऑस्ट्रेलियाचा आहे, पारधी मध्येच कशाला?

पुण्याची वाचक : कारण ज्यांच्या दारात पोलीस रोज उभा असतो, त्यांच्याच नावावर गुन्ह्यांची नोंद वाढत जाते, आणि तीच नोंद पुढे जामीन नाकारायला वापरली जाते.

मेलबर्नवासी : न्यू साउथ वेल्समधील बर्क गावात आदिवासी वडीलधाऱ्यांनी हेच हेरले. विनापरवाना गाडी चालवल्याने तरुण न्यायालयात जात होते, म्हणून त्यांनी परवान्याचे प्रशिक्षण सुरू केले आणि पोलिसांनाही सोबत घेतले. किशोरांवर ठेवलेले पाच प्रमुख प्रकारच्या गुन्ह्यांचे आरोप २०१६ च्या तुलनेत २०१७ मध्ये ३८ टक्क्यांनी घटले.

सिडनीचा दुकानदार : बर्कपुरते मान्य करतो, एवढेच. पण वडीलधारे आणि पोलीस एकत्र बसतात तिथे ज्याची काच फुटली त्यालाही खुर्ची हवी.