टेरॅनो घेऊन डस्टरच्या ग्रुपात गेलं तर चालतं का?

अमळनेर_टेरॅनो

राम राम मंडळी. गाडी निसान टेरॅनो, २०१४ ची, डिझेल ११० पीएस, सहा गिअर. टेरॅनोचा वेगळा ग्रुप आपल्या खान्देशात कुठे दिसत नाही. रेनो डस्टरवाल्यांचा मात्र धुळे-जळगाव पट्ट्यात आहे, पावसाळा सरला की तोरणमाळ, पाटणादेवी अशा ड्राइव्ह काढतात आणि स्पेअर पार्टचं बोलणंही तिथे चांगलं चालतं.

इंजिन, गिअरबॉक्स, खालचा सांगाडा डस्टरचाच, फक्त बोनेटवर चिन्ह निसानचं. अशा गाडीला हे लोक घेतात का? घेतलं तर बरोबरीने घेतात की नुसतं पाहुणा म्हणून? आणि मुख्य म्हणजे तिथे मिळणारा सल्ला माझ्या गाडीला डोळे झाकून लावता येईल का? टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व वेळेवर उघडणारा पट्टा) बदलायचा आहे, म्हणून आत्ताच विचारतोय. दुसऱ्या जुळ्या गाड्यांचे मालक असतील त्यांनीही सांगावं.

पांझराकाठ

भाऊ, बिनधास्त जा. पण आधी तो ग्रुप कोणत्या जातीचा आहे ते बघा, कारण सगळं त्यावर ठरतं.

कंपनीने किंवा शोरूमने चालवलेला ग्रुप असेल तर तिथे चिन्हालाच किंमत. त्यांच्या ड्राइव्हचा खर्च, सर्व्हिसवरची सूट, टी-शर्ट सगळं चॅसिस नंबर त्यांच्या यादीत आहे की नाही यावर चालतं. तिथे टेरॅनोवाल्याला गोड बोलून दारातच ठेवतील. त्यात राग धरण्यासारखं काही नाही, पैसा त्यांचा आहे. रीतसर नोंदणी केलेल्या संस्थेत घटना असते, त्यात सभासद कोण होऊ शकतो ते लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी सहयोगी सभासद अशी सोय असते, म्हणजे ड्राइव्हला या, वर्गणी भरा, पण मतदान नाही. आपल्याकडे बहुतेक तिसरा प्रकार आहे, मालकांनीच काढलेला व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे नियम म्हणजे दोन-तीन ॲडमिन. जुन्या डस्टरचं तर उत्पादनही २०२२ मध्ये थांबलं, तेव्हा जुन्या गाड्या टिकवायच्या तर माणसं लागतातच. टेरॅनोवाला आला की एकत्र पार्ट मागवणारं एक घर वाढतं. असा ग्रुप नाही म्हणत नाही.

आता सल्ल्याचं. दोन्ही गाड्या चेन्नईजवळच्या ओरगडमच्या एकाच कारखान्यातल्या. डस्टर २०१२ ला आली, टेरॅनो २०१३ ला. डिझेल इंजिन एकच, के९के, १४६१ सीसी. इंजिन, क्लच, पुढचं सस्पेन्शन, ब्रेक याबद्दल डस्टरवाला जे सांगेल ते तुम्हाला लागू. बोनेट, बंपर, हेडलाइट, टेललाइट, डिकीचा दरवाजा यांचं मात्र काहीही लागू नाही. आणि एक मोठा फरक ध्यानात ठेवा: डस्टरमध्ये २०१४ पासून चारही चाकं ओढणारी गाडी होती, टेरॅनोत ती भारतात कधी आलीच नाही. त्या डस्टरचं मागचं सस्पेन्शन स्वतंत्र बांधणीचं, तुमचं टॉर्शन बीमचं (दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याने जोडलेली). मागचे शॉकअप किंवा बुश कुणी स्वस्तात देत असेल तर गाडी टू व्हील ड्राइव्ह होती का, हे आधी विचारा. फसायची जागा तीच.

पार्ट मागताना निसानचा नंबर वेगळा, रेनोचा वेगळा. निसानच्या नंबरात डॅशनंतरचा भाग शून्य-शून्य-क्यूने सुरू होत असेल तर तो पार्ट बहुधा रेनोच्या घरचा. मग तोच पार्ट रेनोच्या नंबरने विचारा, दुकानदाराकडे मिळण्याची शक्यता जास्त, भावही कधी कधी बराच उतरतो. दोन्ही नंबर कागदावर लिहून न्या.

बेल्टचं सविस्तर लिहितो, कारण या इंजिनात त्याची हयगय परवडत नाही. बेल्ट तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आपटतात, हेड उतरतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही मर्यादा असतात, जी आधी येईल ती धरायची. २०१४ ची गाडी आणि अजून पहिलाच बेल्ट असेल तर किलोमीटर बघत बसू नका, काम करून घ्या. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत रबर वयानेच कडक होतं.

नुसता बेल्ट घेऊ नका. बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर, सोबत वॉटर पंप, कारण पंप याच बेल्टवर फिरतो. पंपाचं बेअरिंग पुढे सहा महिन्यांनी गेलं तर सगळी मजुरी पुन्हा. बाहेरचा ऑल्टरनेटर-एसीचा पट्टाही त्याच वेळी नवा टाका. हे लोक टाळतात आणि तिथेच घात होतो: बाहेरच्या पट्ट्याचे धागे सुटले की ते क्रँक पुलीच्या मागून टायमिंगच्या कव्हरात शिरतात आणि चांगला बेल्टसुद्धा दात सोडतो. शेताच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीत पट्ट्यावर माती बसते, धागे लवकर सुटतात. दर सर्व्हिसला त्याच्या कडा बोटाने चाचपून पाहा.

मिस्त्रीकडे क्रँक आणि कॅम अडकवायच्या पिना आहेत का, हे गाडी उघडायच्या आधी विचारा. कॅमच्या चाकातून हेडमध्ये ८ मिलिमीटरची पिन जाते, क्रँकला ब्लॉकमधून स्क्रूसारखी पिन लागते. खडूने खूण करून काम उरकणाऱ्याकडे ही गाडी देऊ नये. क्रँकची पिन जागा दाखवायला असते. तिच्या जोरावर पुलीचा बोल्ट सोडवला तर पिन वाकते. बोल्ट नवा टाकायचा. उजवीकडचं माउंटिंग काढावं लागतं, तेव्हा इंजिनाखाली जॅक आणि मध्ये लाकडाचा ठोकळा हवा. सगळं बसल्यावर पिना काढून पान्याने इंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरवायचं, पिना पुन्हा घालून बघायच्या. सहज गेल्या तरच स्टार्टर मारायचा.

भुसावळ_टीएसआय

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. स्कोडा आणि फोक्सवॅगनकडे भिंत त्याहून पातळ आहे. कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस या चारही चाकणच्या, एकाच प्लॅटफॉर्मवरच्या. १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) ११५ पीएस आणि १.५ टीएसआय १५० पीएस, दोन्ही ब्रँडांत तीच. त्याआधी रॅपिड-व्हेंटोचंही असंच होतं. त्यामुळे या मंडळींच्या गप्पा इंजिनावरून होतात. १.५ च्या सात गिअरच्या डीएसजीचा (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकचा) प्रश्न आला की गाडी कुशाक आहे की टायगुन हे कुणी विचारत नाही, १.० च्या ऑटोमॅटिकवाल्याला मात्र लगेच थांबवतात, कारण त्याचा टॉर्क कन्व्हर्टर ही पूर्ण वेगळी वस्तू आहे. "ऑटोमॅटिक धक्का देते" एवढंच लिहिलंत तर निम्मे सल्ले चुकीचे मिळतील.

चाकं अदलाबदल करता येतात: बोल्टांची मांडणी ५ बाय १००, मधलं भोक ५७.१, बोल्ट एम१४ बाय १.५, कसायचा टॉर्क १२० न्यूटन-मीटर. बाहेरचे अलॉय घेताना बोल्टाची बैठक बघा. मूळ बोल्ट गोल बैठकीचा असतो, बाजारातल्या बऱ्याच अलॉयना शंकूच्या बैठकीचा लागतो. जुना बोल्ट तसाच कसला तर कडेवरच टेकतो आणि शे-दोनशे किलोमीटरमध्ये सैल होतो. घाटात हे जिवावर बेतेल.

क्लबांच्या बाबतीत बाहेर देशातही दोन्ही तऱ्हा आहेत. पोर्श क्लब ऑफ अमेरिका १९५५ पासूनचा, तिथे पोर्श असावीच लागते. बीएमडब्ल्यू कार क्लब ऑफ अमेरिकेत बीएमडब्ल्यू नसली तरी सभासद होता येतं. दोन्ही क्लब मोठे आहेत आणि चालू आहेत. फक्त नियम आधीच स्पष्ट लिहिलेला असावा. वाद होतो तो नियम नसतो तिथे, ऐन ड्राइव्हच्या सकाळी.

केळीपट्टा_रावेर

मारुती-टोयोटावाल्यांसाठी थोडं, कारण आपल्या भागात याच जुळ्या जास्त. ग्लांझा म्हणजे बलेनो, २०१९ पासून. रुमियन म्हणजे अर्टिगा, टायसर म्हणजे फ्रॉन्क्स. बलेनोच्या ग्रुपात ग्लांझा सहज खपते, उलट टोयोटाच्या ग्रुपात इनोव्हा-फॉर्च्युनरवाले तिला जरा बाजूला ठेवतात. मला हे पटत नाही, पण त्यात एक व्यवहाराची गोष्ट आहे: त्यांचा सल्ला ग्लांझाला खरंच लागत नाही.

साधा चाकाचा नट घ्या. टोयोटाच्या स्वतःच्या गाड्यांना एम१२ बाय १.५ चा आटा, सुझुकीला एम१२ बाय १.२५. ग्लांझाचा हब सुझुकीचा. "टोयोटाचे नट द्या" म्हणून आणलेले नट पहिले एक-दोन आटे बसतात, मग अडतात, आणि टायरवाल्याने हवेची गन लावली की स्टडचा आटा साफ. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मगच पाना.

ग्रँड विटारा आणि हायरायडरमध्ये गंमत उलटी आहे. दोन्ही टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यात बनतात. साध्या पेट्रोलचं १४६२ सीसी इंजिन सुझुकीचं, स्ट्राँग हायब्रिडचं १४९० सीसी तीन सिलिंडरचं टोयोटाचं. म्हणजे विटारा हायब्रिडवाल्याने टोयोटाच्या हायब्रिडवाल्यांत बसावं, आणि साध्या हायरायडरवाल्याने मारुतीवाल्यांत. चिन्ह बघून ग्रुप निवडला तर दोघंही चुकीच्या जागी. हायब्रिडवाल्यांनी बॅटरीला हवा देणारी केबिनमधली जाळी साफ ठेवावी, तिच्यावर पिशव्या, गोधड्या टाकू नयेत. धूळ बसली की पंखा ओरडायला लागतो आणि बॅटरी तापते.

वॉरंटीचं काम मात्र ज्याचं चिन्ह त्याच्याच दारात. तिथे भावकी चालत नाही.

अमळनेर_टेरॅनो

फार उपयोगी, धन्यवाद सगळ्यांना. ॲडमिनशी बोललो, येऊ द्या म्हणाले. आरसीचा फोटो मागताहेत. द्यावा का? आणि ओळख करून देताना काय लिहू? ऑइलचंही विचारायचं होतं, ड्रेन नटाला आमच्या इथल्या मिस्त्रीचा पाना लागत नाही.

पांझराकाठ

आरसीचा फोटो ग्रुपवर टाकू नका. ॲडमिनला स्वतंत्र पाठवा, पत्ता झाकून, चॅसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे सहा आकडे झाकून. गाडी खरी आहे एवढं कळायला तेवढं पुरतं. पूर्ण चॅसिस नंबर फक्त पार्ट विकणाऱ्याला.

ओळखीत मॉडेल, वर्ष-महिना, ८५ की ११० पीएस, पाच गिअर की सहा, मॅन्युअल की एएमटी, किलोमीटर, आणि बेल्ट कधी बदलला ते लिहा. पुढे प्रश्न विचारताना दर वेळी पहिल्या शब्दात "टेरॅनो" लिहीत जा. दोन वर्षांनी कुणी तो मेसेज शोधून हेडलाइट मागवेल, त्याची फसगत व्हायला नको. कंपनीच्या सवलतीचा काही विषय निघाला तर आपणहून बाजूला राहा, लोकांना ते लक्षात राहतं.

ड्रेन नट रेनोचा आहे, त्यात ८ मिलिमीटरचा चौकोनी खड्डा असतो. ॲलन की किंवा पेचकस घालून फिरवला की कोपरे गोल होतात, मग वेल्डिंग करून काढायची वेळ येते. ८ चा चौकोनी पाना हार्डवेअरमध्ये मिळतो, गाडीतच ठेवा. वॉशर दर वेळी नवा. ऑइल साधारण साडेचार लिटर बसतं. आधी चार ओता, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, दहा मिनिटांनी डिपस्टिक बघून उरलेलं थोडं थोडं. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका. डब्यावर मॅन्युअलमधला आरएनने सुरू होणारा नंबर असलाच पाहिजे, नुसतं ५डब्ल्यू-४० बघून घेऊ नका.

चाळीसगाव_मल्टिजेट

उशिरा आलो, पण एक भर. ग्रुप इंजिनावर बांधला तर चिन्हाचा प्रश्नच उरत नाही. १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल बघा: मारुतीत डीडीआयएस, टाटात क्वाड्राजेट, फियाटमध्ये मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, झेस्ट, पुंटो, लिनिया सगळे एका छताखाली बसू शकतात. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, तरी या गाड्या आपल्या रस्त्यांवर अजून भरपूर आहेत.

फक्त जुनं सामान एकमेकांना देताना जपा भो. ७५ पीएसचा टर्बो साधा, ९० पीएसचा बदलत्या पात्यांचा. एकाचा दुसऱ्याला बसवायचा प्रयत्न करू नये. इंजेक्टर बदलला तर त्यावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) भरावा लागतो, नाहीतर आयडलला गाडी थरथरते आणि धूर सोडते. टेरॅनोच्या के९केलाही हेच लागू. जुना इंजेक्टर घेताना कोड वाचता येतोय का ते आधी बघा, खरवडलेला असेल तर पैसे देऊ नका.