पीबीएस घातल्याबरोबर सोन्याचे नॅनोकण निळे का पडतात?

शिंपला

नमस्कार मंडळी. सायट्रेट पद्धतीनं (सोन्याचं संयुग सायट्रेटबरोबर उकळून) १३ नॅनोमीटरचे सोन्याचे कण बनवायचे, त्यांवर थायॉलवालं (सोन्याला चिकटणारा गंधकाचा गट असलेलं) पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, रेणुभार ५०००) चढवायचं आणि पुढे पेशींवर वापरायचे, असं काम आहे. कण छान बनतात. रंग कोकमाच्या सरबतासारखा, शोषणाचं शिखर ५१९ नॅनोमीटरला, आणि फ्लास्क आठवडाभर तसाच लाल राहतो.

घोळ पुढे होतो. ०.१ मिग्रॅ पीईजी १ मिलि १०x पीबीएसमध्ये (पेशींसाठीचं मीठ-फॉस्फेटचं बफर, इथं दहापट दाट) विरघळवून ते ९ मिलि कणांत घातलं, म्हणजे शेवटी पीबीएस १x होतं. तर अर्ध्या मिनिटात रंग जांभळा, मग निळा, आणि तासाभरात तळाला काळा गाळ. ढवळण्याचा वेग बदलला, पीबीएस थंड करून पाहिलं, फरक शून्य.

सायट्रेट आणखी घातलं तर कण टिकतील का? की पीईजीच खराब आहे? आणि पीईजी खरंच चढलं की नाही, हे नक्की कशावरून ठरवायचं?

काचपात्र

सायट्रेट वाढवू नका, त्यानं उलट जास्त बिघडेल. सायट्रेट हेही मीठच आहे, आणि त्यावर तीन ऋणभार असल्यामुळे १० मिलिमोलर ट्रायसोडियम सायट्रेटची आयनिक तीव्रता थेट ६० मिलिमोलर होते.

निळं का पडतं ते आधी पाहू. सायट्रेटचे रेणू सोन्याला सैल चिकटलेले असतात. त्यांच्या ऋणभारामुळे कण एकमेकांना दूर ढकलतात, आणि द्रावण टिकतं ते केवळ या ढकलण्यावर. हा रेटा किती लांब पोचतो हे पाण्यातलं मीठ ठरवतं (डीबाय लांबी). तुमच्या मूळ द्रावणात ती साधारण २ नॅनोमीटर आहे. पीबीएसमध्ये १३७ मिलिमोलर मीठ आणि वर फॉस्फेट, त्यामुळे ती पाऊण नॅनोमीटरवर येते. सोन्याच्या कणांमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण मुळात जबर असतं. रेटा आखूड झाला की कण भिडतात, आणि भिडलेल्या कणांचं शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं. तुम्हाला दिसणारा निळा रंग तो हाच. फॅरेडेनं १८५७ साली माणकासारख्या लाल सोन्यात मीठ घालून हाच बदल नोंदवला होता, आणि जिलेटिन आधी घातलं तर तो रोखला जातो हेही.

म्हणजे संरक्षक रेणू आधी, मीठ नंतर. तुम्ही दोन्ही एकाच पिपेटमधून दिलेत. मीठ क्षणात पसरतं. पीईजीच्या लांब साखळीला पृष्ठभागावर जागा धरायला वेळ लागतो. ही शर्यत पीईजी जिंकूच शकत नाही.

दुसरी चूक मात्रेची आहे. हिशेब मांडून बघा, दर वेळी उपयोगी पडेल:

१३ नॅनोमीटरच्या कणाचं क्षेत्रफळ सुमारे ५३० चौरस नॅनोमीटर. एका कणात सोन्याचे अंदाजे ६८,००० अणू. सोनं ०.९१ मिलिमोलर धरलं (१०० मिलि द्रावणात १० मिलि सायट्रेट जातं म्हणून) तर कण १३ नॅनोमोलर येतात. तुमच्या ९ मिलित झाले सुमारे १२० पिकोमोल. ०.१ मिग्रॅ पीईजी म्हणजे २० नॅनोमोल, म्हणजेच कणामागे जेमतेम १७० रेणू. चौरस नॅनोमीटरला ०.३. प्रत्येक रेणू चिकटला असं धरूनही हे अपुरंच आहे, आणि प्रत्येक रेणू चिकटत नाही. चौरस नॅनोमीटरला किमान ४ रेणू द्या. १० मिलिला ते १.४ मिग्रॅ होतं; सरळ २ मिग्रॅ घ्या. जादाचं धुताना निघून जातं.

कृती अशी ठेवा. २ मिग्रॅ पीईजी ०.५ मिलि साध्या शुद्ध पाण्यात विरघळवा, मीठ अजिबात नको. १० मिलि कण जोरात ढवळत असताना ते एकदम घाला. पहिली १० मिनिटं ढवळणं चालू ठेवा, मग हळू करून रात्रभर ठेवा. शिखर एक-दोन नॅनोमीटर उजवीकडे सरकेल, रंग तोच राहायला हवा. नंतर मीठ टप्प्याटप्प्यानं, ०.०५ मोलरच्या पायऱ्यांनी आणि दोन पायऱ्यांमध्ये २० मिनिटं सोडून. पीईजी भरपूर असेल तर पायऱ्यांची फारशी गरज लागत नाही. थायॉल लावलेल्या डीएनएला मात्र त्या चुकवू नका, कारण डीएनए स्वतः ऋणभारित असतो आणि मीठ आल्याशिवाय दाटीनं बसत नाही.

अम्लराज

वरचं बरोबर आहे. कण बनवण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण मूळ कणच दर बॅचला वेगळे निघाले तर हा सगळा हिशेब कोलमडतो.

क्लोरोऑरिक आम्ल (कण ज्यापासून बनतात ते सोन्याचं संयुग) प्रत्येक वेळी तोलू नका. ते हवेतली ओल भराभर ओढतं. पावसाळ्यात तर कागदावर ठेवल्या ठेवल्या पिवळे स्फटिक चिकट होऊन पसरतात आणि काट्यावरचा आकडा वाढतच राहतो. १ ग्रॅमची बाटली आली की सगळी एकदम २५.४ मिलि पाण्यात विरघळवा (तीन पाण्यांचं स्फटिकरूप, रेणुभार ३९३.८), १०० मिलिमोलर साठा तयार. गडद काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये. स्टीलचा चमचा लावू नका, लोखंड सोन्याला तिथंच बाहेर काढतं.

मग १ मिलि साठा आणि ९९ मिलि पाणी, वर कंडेन्सर, खळखळून उकळी. ११४ मिग्रॅ सायट्रेट (दोन पाण्यांचं) १० मिलि पाण्यात विरघळवून एका दमात घालायचं. पिवळा रंग उडतो, मग काळपट-निळा, मग लाल. लाल झाल्यावर आणखी १०-१५ मिनिटं उकळा. सायट्रेट थेंब थेंब घातलं तर जुन्या बीजांवर नवीन सोनं चढत राहतं आणि आकार पसरतो. सायट्रेटचं द्रावण त्याच दिवशी बनवा. बाहेर राहिलेल्यात चार-पाच दिवसांत बुरशीचे धागे दिसतात.

फ्लास्क आणि ढवळणीचा चुंबक अम्लराजानं धुवा: हायड्रोक्लोरिक ३ भाग, नायट्रिक १ भाग, फ्यूम हूडमध्येच. झाकण घट्ट लावायचं नाही, वायू सुटतो. ॲसिटोन किंवा अल्कोहोलनं विसळलेली काच आधी पाण्यानं पूर्ण धुवा. चुंबकाच्या टेफ्लॉनवर ओरखडे असतील तर तो टाकून द्या. त्या चरांत जांभळट रेष दिसते, ते मागच्या बॅचचं सोनं असतं.

शोषण मोजताना दहापट विरळ करा. १३ नॅनोमोलरला मूळ द्रावणाचं शोषण ३.५ च्या आसपास येतं, तिथं यंत्राचा आकडा विश्वासाचा नसतो. विरळ केल्यावर ०.३५ जवळ आलं तर तुमची कणसंख्या ठीक आहे.

शिंपला

मनापासून आभार. पीबीएसमध्ये विरघळवणं हीच गोम होती तर. पीईजीची बाटली वर्षभर खोलीच्या तापमानाला कपाटात होती, तिचं काय करावं? आणि आमच्याकडे एफटीआयआर (अवरक्त वर्णपट घेणारं यंत्र) आहे. ११०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास पीईजीची पट्टी ठळक दिसते. तेवढा पुरावा पुरेसा आहे ना?

काचपात्र

नाही, आणि हा सापळा फार जणांना अडकवतो. मोकळं पीईजीही तीच पट्टी देतं. नीट न धुतलेल्या नमुन्यात तुम्ही पृष्ठभागावरचं पीईजी पाहताय की वाळलेल्या द्रावणातलं, हे एफटीआयआर सांगू शकत नाही. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये तीन वेळा धुवा: १५,००० ते १६,००० जी, ४५ मिनिटं. तळाशी तेलाच्या थेंबासारखा लालसर-काळा ठिपका जमतो, तो कधीही कोरडा पडू देऊ नका. वरचं पाणी काढताना ५० मायक्रोलिटर मागे ठेवा. ठिपका पाणी घातल्यावर हलक्या हातानं पुन्हा लाल पसरला तर आवरण बसलंय. भिंतीला काळी पापडी चिकटली तर नाही.

खरी परीक्षा मिठाची. धुतलेल्या कणांत ०.५ मोलरपर्यंत सोडियम क्लोराइड घाला, तासभर थांबा, आणि ५२० व ६५० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर मिठाआधीच्या गुणोत्तराशी ताडून पाहा. तेच राहिलं पाहिजे. मीठ घातल्यानं द्रावण पातळ होतं, तेव्हा तुलनेच्या नळीत तेवढंच पाणी घाला. झीटा विभव (कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराचा अंदाज देणारा आकडा) आधी खूप ऋण असतो, पीईजीनंतर शून्याकडे सरकतो. डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजण्याची पद्धत) व्यास वाढतो. तिन्ही जुळलं की मग एफटीआयआर लावा.

बाटलीबद्दल: थायॉल हवेनं जोडीजोडीनं डायसल्फाइड (गंधक-गंधक जोडलेले) होतात. डायसल्फाइड सोन्याला चिकटतं, पण सावकाश आणि विरळ. किती थायॉल उरलंय ते एलमन चाचणीनं (मोकळ्या थायॉलशी रंग देणारी चाचणी) तपासा. १ मिग्रॅ प्रति मिलि पीईजीचे १०० मायक्रोलिटर घेऊन एकूण १ मिलि करा, पीएच ८, ४१२ नॅनोमीटर. सगळं थायॉल शाबूत असेल तर शोषण ०.२८ येईल. ०.१४ आलं तर निम्मंच जिवंत आहे, तेवढ्या हिशेबानं जास्त घ्या किंवा नवी बाटली घ्या. टीसीईपीनं (डायसल्फाइड तोडणारं रसायन) ते पुन्हा मोकळं करता येतं, पण नंतर टीसीईपी काढून टाका. डीटीटी (तेच काम करणारं दुसरं रसायन) अजिबात नको. त्याच्यात स्वतःचेच दोन थायॉल आहेत आणि ते पीईजीची जागा बळकावतं. नवी बाटली उणे २० ला, आर्गॉनखाली, छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. थंड नळी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही.

पेशीघर

पेशींचं काम आहे म्हणून लिहिते.

पेशीत गेल्यावर थायॉल-सोनं हा बंध अढळ राहत नाही. पेशीच्या आत ग्लुटाथायोन १ ते १० मिलिमोलर असतं, रक्तद्रवात त्याच्या कितीतरी पट कमी. त्याच्यातही थायॉलच आहे, ते पीईजीला हुसकून जागा घेतं. प्रयोग दोन-चार दिवस चालणार असेल तर पीईजीचं टोक लिपोइक आम्लाचं घ्या. दोन गंधक अणूंनी धरल्यामुळे ते अधिक तग धरतं. आधी नळीतच १० मिलिमोलर ग्लुटाथायोनमध्ये ३७ अंशांना २४ तास ठेवून वर्णपट पाहा, म्हणजे पेशी वाया जाणार नाहीत.

एमटीटी चाचणी (पेशी किती जिवंत आहेत ते रंगावरून सांगणारी) लावणार असाल तर सावध राहा. फॉर्माझान (तिच्यात बनणारा जांभळा रंग) ५७० ला वाचतात, तिथं सोनंही शोषतं. पेशी नसलेल्या खळग्यांत तेवढेच कण घालून आकडा वजा करा. आणि शेवटच्या धुण्याचं वरचं पाणी एका रांगेत पेशींवर घालाच. पेशी त्या रांगेतही मेल्या तर दोष कणांचा नसून द्रावणात उरलेल्या एखाद्या रेणूचा आहे. सोन्याच्या कांड्यांमध्ये सीटीएबीच्या (त्या बनवताना लागणाऱ्या, पेशींना घातक साबणासारख्या रसायनाच्या) बाबतीत हे वारंवार दिसतं.

पुढेमागे प्रतिपिंड (अँटीबॉडी) लावायचं ठरलं तर पीईजीनंतर नुसतं घालून ते बसणार नाही, पीईजी प्रथिनांना लांब ठेवतं. चढवतानाच १०-२० टक्के पीईजी दुसऱ्या टोकाला कार्बोक्सिल असलेलं घ्या आणि ईडीसी-एनएचएसनं (कार्बोक्सिल आणि अमाइन जोडणारी रसायनं) जोडा. त्यात ट्रिस बफर नको, त्याचा अमाइन प्रतिपिंडाच्या आधी पकडला जातो. पट्टीवरच्या (गर्भधारणा-चाचणीसारख्या) चाचणीसाठी हवं असेल तर पीईजी वगळून प्रतिपिंड थेट सायट्रेटच्या कणांवर, पीएच ८.५-९ ला. मात्रा शोधायला २५० मायक्रोलिटर कणांच्या आठ-दहा नळ्या मांडा, प्रत्येकीत २५ मायक्रोलिटर चढत्या तीव्रतेचं प्रतिपिंड, १० मिनिटं, मग २५ मायक्रोलिटर १० टक्के मीठ. जी पहिली नळी लाल राहील तिच्यापेक्षा १०-२० टक्के जास्त घ्या. रसायनज्ञ झिग्मोंडीचा ‘सुवर्णांक’ तो हाच विचार. १० मिलि लाल सोनं १ मिलि १० टक्के मिठापासून वाचवायला किती मिलिग्रॅम प्रथिन लागतं, ते तो मोजायचा. जिलेटिनचा अंक सगळ्यांत कमी, म्हणजे सगळ्यांत चांगला राखणदार.

शिंपला

एलमन केलं, शोषण ०.०९ आलं. म्हणजे तिसरा हिस्साच उरलाय. नवी बाटली मागवतो. तोवर सायट्रेटचे कण उणे २० ला ठेवले तर चालतील का?

अम्लराज

गोठवू नका. बर्फ होताना मीठ आणि कण स्फटिकांमधल्या फटीत ढकलले जातात, आणि वितळल्यावर हातात काळं पाणी येतं. ४ अंशांना, अंधारात, स्वच्छ काचेच्या बाटलीत. बाटली फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. मागच्या भिंतीला टेकली तर तिथं काही ठिकाणी बर्फ धरतो आणि तेवढ्यानंही बॅच जाते. काढल्यावर ढवळून ५१९ चं शिखर पुन्हा एकदा बघा, मगच पीईजी घाला.