'भांडी घासताना बोधी' चालेल का?

कानामात्रा: ध्यानाच्या एका ॲपचा मजकूर मराठीत करायचा आहे. मूळ वाक्य साधारण असं: भांडी घासताना, जिना चढताना, चहा ओततानासुद्धा 'अवेकनिंग'चा क्षण येऊ शकतो. खर्ड्यात 'जागृतीचा क्षण' होतं. तपासणाऱ्याने ते खोडून 'बोधीचा क्षण' केलं. शेरा: 'बुद्धाचा विषय आहे, बुद्धाचाच शब्द हवा.' 'भांडी घासताना बोधी' वाचून हसू येतं. दुसरं काय लिहिता येईल?

पिंपळपान: हसू येतं ते रास्तच आहे. बोधी म्हणजे पूर्ण जाग. तिच्या वाटेवर पालीत सोतापन्न, सकदागामी, अनागामी, अरहंत अशा चार पायऱ्या आहेत. पहिल्याच पायरीला तीन बंधनं तुटावी लागतात: सक्कायदिट्ठि (या देहामनालाच 'मी' धरणं), विचिकिच्छा (डळमळीत शंका) आणि सीलब्बतपरामास (व्रतवैकल्यं केली की सुटलो, हा समज). कढई लख्ख झाली म्हणून यातलं एकही तुटत नाही. सिंकपाशी जी घडू शकते ती सति, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष असणं. बोधीची सात अंगं म्हणजे बोज्झंग: सति, धम्मविचय, विरिय, पीति, पस्सद्धि, समाधि, उपेक्खा. सति त्यातली पहिली. पहिल्या अंगालाच बोधी म्हणणं म्हणजे पीठ मळलं आणि पानं घ्या म्हणून हाक मारली.

रफार: मग 'स्मृती' लिहा. सति म्हणजे स्मृतीच, व्युत्पत्ती सरळ आहे.

कानामात्रा: 'भांडी घासताना स्मृतीचा क्षण'? वाचणाऱ्याला आजी आठवेल.

पिंपळपान: 🙂 पाली शब्दाचं संस्कृत रूप मराठीत आयतं मिळतं आणि अर्थ मात्र निसटलेला असतो. ध्यानाच्या सूचनांत हे फार नडतं. 'वेदना पाहा' लिहिलंत तर नवखा माणूस गुडघ्यातली कळ शोधत बसतो. पालीत सुख, दुःख आणि दोन्ही नसलेली, अशा तिन्ही वेदनाच. 'उपेक्षा ठेवा' म्हटलं तर दुर्लक्ष करतो, कारण मराठीत उपेक्षा कवीची किंवा सावत्र मुलाची होते. म्हणून शिबिरांत 'संवेदना' आणि 'समता' हे शब्द वापरतात. 'प्रमाद' आपल्याकडे चूक झाला. तिथे तो गाफीलपणा. पाचव्या शिलातला (आचरणाच्या नियमातला) 'मज्जपमादट्ठाना' नीट वाचा: दारू गाफीलपणाचं ठिकाण आहे म्हणून वर्ज्य. मद्य, मदिरा, प्रमाद, सगळे एकाच 'मद्' धातूचे.

रफार: ते ठीक. पण मूळ खर्ड्यातला 'जागृती' कुणालाच खटकत नाही? 'जागृ'चं भूतकालवाचक रूप 'जागरित' होतं, 'जागृत' नव्हे. सतिपट्ठान सुत्तातही (सति कशी राखावी, हे सांगणाऱ्या पाली सूत्रात) पाहा: 'गते ठिते निसिन्ने सुत्ते जागरिते भासिते तुण्हीभावे'. चालताना, उभं असताना, बसताना, झोपताना, जागेपणी, बोलताना आणि गप्प असताना. पालीने जपलेलं रूप मराठीने बिघडवलं.

उंबरठा: म्हणजे आता 'जागरित देवस्थान' म्हणायचं? नवस फेडायला कोण जाईल तिथे?

रफार: चूक रूढ झाली म्हणून बरोबर होत नाही.

उंबरठा: भाषेत होते. तेवढ्याचसाठी तिला भाषा म्हणतात, सातबारा नाही.

निळी शाई: 'जागृती' नको, कारण त्याला जनजागृतीचा वास येतो, असं कुणी म्हणण्याआधी सांगतो: तो वास येऊ द्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती बावीस प्रतिज्ञांसह. त्यांत अष्टांगिक मार्ग आहे, पारमिता (पूर्णत्वाला न्यायचे सद्गुण) आहेत, आणि 'सर्व मनुष्यमात्र समान आहेत' हेही आहे. जाग येणं हे एकट्याने डोळे मिटून उरकायचं काम नव्हतं. ॲपवाल्यांना स्वयंपाकघर दिसतं. तिथली भांडी रोज कोण घासतं, हे दिसलं तर तीही जागृतीच.

पिंपळपान: मुद्दा मान्य. पण ॲपमधल्या त्या वाक्यात तो अर्थ नाही. तिथे श्वास आणि पाणी आहे.

निळी शाई: तेच तर म्हणतोय, नाही.

उंबरठा: नुसतं 'जाग' का नको? धम्मपदाच्या अप्पमादवग्गात २९ वी गाथा आहे: 'अप्पमत्तो पमत्तेसु सुत्तेसु बहुजागरो'. गाफिलांत सावध, झोपलेल्यांत पुरता जागा. आणि जागणं शब्दशःही घेतलंय. जागरियानुयोगात (भिक्षूंच्या जागं राहण्याच्या साधनेत) रात्रीचे तीन याम: पहिल्यात चालणं-बसणं, मधल्यात उठायची वेळ मनाशी धरून उजव्या कुशीवर झोप, शेवटच्यात पुन्हा चालणं-बसणं. बुद्धाने पेंगणाऱ्या मोग्गल्लानाला, आपल्या शिष्याला, दिलेले उपाय तर थेट ॲपमध्ये घाला. ज्या विचाराने पेंग आली तो सोड. नाही जमलं तर ऐकलेला धम्म मनात घोळव. मग मोठ्याने म्हण. मग दोन्ही कान ओढ, अंग चोळ. मग उठून डोळ्यांना पाणी लाव, ताऱ्यांकडे बघ. मग मनात दिवसाचा उजेड आण. मग येरझाऱ्या घाल. एवढं करूनही पेंग जात नसेल तर सरळ झोप, फक्त उठायची वेळ ठरवून. (शेवटचा उपाय बहुतेकजण पहिलाच करतात.)

पिंपळपान: 'जाग'ची अडचण अशी की ती 'येते', आणि सकाळी येते. इथे मन भटकलं होतं हे कळण्याचा क्षण सांगायचाय. त्याला मराठीत क्रियापद तयार आहे: भानावर येणं. आधी भान नव्हतं, हे त्यातच आलं. नाम शोधत बसू नका. वाक्य असं करा: 'नळ सोडा. पाणी हाताला गार लागतंय की कोमट, एवढंच कळू द्या. मन दुसरीकडे गेल्याचं लक्षात आलं की तुम्ही भानावर आलात. पुन्हा पाण्याकडे.' फक्त 'भान ठेवा' लिहू नका, ते रागावल्यासारखं वाटतं. 'सजग राहा'ही नको. लोक खांदे ताठ करून, कपाळाला आठ्या घालून बसतात, जणू घरात चोर शिरलाय.

रफार: 'भानावर येणं' शुद्धीवर येण्यासारखं वाटतं. 'अवधान' का नको? ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची पहिलीच ओवी अवधान मागते.

उंबरठा: ते श्रोत्यांकडे मागितलंय, कढईकडे नाही.

निळी शाई: जागण्याचा विषय निघालाच आहे तर: आश्विन पौर्णिमेला वर्षावास (भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम) संपतो, पवारणा (त्याच्या सांगतेचा विधी) होते. त्याच रात्री कोजागरी, 'को जागर्ति?', कोण जागं आहे? योगायोग की नातं?

रफार: नातं सिद्ध करायला आधी 'कोजागरी' की 'कोजागिरी' ते ठरवा.

उंबरठा: कोजागिरीच. दुधाच्या पिशवीवर तेच छापतात.

रफार: दुधाची पिशवी हे प्रमाण?

कानामात्रा: मंडळी, मजकूर सोमवारी द्यायचाय. तपासणाऱ्याने आता 'भानावर येणं'ही खोडलंय. शेरा: 'बोली वाटते.'