बांधकामावरच्या तात्पुरत्या जोडणीला एमसीबी (आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) पुरेसा आहे का?

प्रश्न (घरमालक, फुलेवाडी, कोल्हापूर):
आमच्या घराचे काम सुरू आहे. तात्पुरत्या मीटरपासून उपसा मोटर आणि काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरपर्यंत दोन तारांची साधी वायर ओढली आहे. पिन न लावता उघडी टोके सॉकेटमध्ये खुपसून आगपेटीच्या काड्यांनी दाबली आहेत आणि टेप गुंडाळलेले जोड पायाच्या खड्ड्यातील पाण्यात पडलेले असतात. ठेकेदार म्हणतात, "एमसीबी हाय की, शॉक बसला की पडतोयच." हे खरे आहे का?

उत्तर (विद्युत पर्यवेक्षक):
नाही, आणि हा गैरसमज जीवघेणा आहे. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटपासून वायर वाचवतो. शरीरातून 10 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला तरी स्नायू आखडून हातातली वस्तू सुटत नाही, आणि त्याहून थोडा जास्त प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते. 16 अँपिअरच्या एमसीबीला मात्र एवढ्याशा प्रवाहाची दखलही घेता येत नाही. आपल्याला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती ओळखून पडणारा स्विच हवा. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) पूर्ण परत येत नाही असे दिसताच तो पुरवठा तोडतो. त्याचे टेस्ट बटण रोज काम सुरू होण्यापूर्वी दाबून पाहावे.

उत्तर (स्थापत्य अभियंता):
वरील सल्ल्याला एक पुस्ती जोडतो. दोन तारांच्या वायरीत अर्थिंगच नसते. त्यामुळे मोटरीचे वाइंडिंग (आतली तारांची गुंडाळी) बॉडीला लागले तर बॉडीत वीज तशीच उभी राहते आणि आरसीसीबी पडतो तो कोणीतरी हात लावल्यानंतर. तीन तारांची रबरी केबल, औद्योगिक पिन-सॉकेट आणि जोड खांबावर उंच टांगलेले, एवढे होईपर्यंत खड्ड्यात माणूस असताना मोटर चालू ठेवू नये, मग काम दोन दिवस थांबले तरी चालेल.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. मोटर आजच बंद करतो. घराच्या कडेने 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) लाइनही जाते. ठेकेदारांच्या मते अंतर नियमात बसते.

उत्तर (विद्युत पर्यवेक्षक):
नियमातले आडवे 1.2 मीटर अंतर इमारतीसाठी आहे. 12 मीटरची सळई उभी करणाऱ्या कामगाराला ते पुरत नाही, कारण सळईचे टोक कुठे झुकते आहे हे खाली धरणाऱ्याला दिसत नाही. अशा लाइनवर सळई तारेला टेकण्याआधीच ठिणगी झेप घेऊ शकते आणि आपला आरसीसीबी तिथे निरुपयोगी असतो. त्या बाजूच्या सळया जमिनीवरच कापून घ्याव्यात, आणि स्लॅबचे काम सुरू करण्यापूर्वी महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन लाइन बंद ठेवण्याची वेळ ठरवून घ्यावी.