मोत्या भाकरीवर जगला, मग भुऱ्याला पॅकेट कशाला?

तिसरा_मजला
मी स्वतः पाळलेलं पहिलं कुत्रं परवा घरात आलं. पार्किंगमध्ये जिन्याखाली सापडलेलं गावठी पिल्लू, डॉक्टरांच्या अंदाजाने दहा आठवड्यांचं, वजन ४ किलो, नाव भुऱ्या. तो आल्यापासून घरात दोन पक्ष पडलेत. बायकोने पहिल्याच दिवशी कुत्र्यांच्या तयार खाद्याच्या दाण्यांची ३ किलोची पिशवी आणली. मी भाकरी पक्षाचा. सातारा जिल्ह्यात आमच्या गावी मोत्या होता. ताकात कुस्करलेली भाकरी आणि सणावाराला उरेल ते, एवढ्यावर तेरा वर्षं जगला. त्याच्यासाठी कोणी वजनकाटा काढला नाही की पिशवीमागची बारीक अक्षरं वाचली नाहीत. घरात रोज चार माणसांचा स्वयंपाक होतोच, पाचवं तोंड काय जड? माझं मत असं की दाणे ही शहरी माणसाची सोय आहे, कुत्र्याची गरज नव्हे. पटत नसेल तर खोडून काढा. फक्त "दुकानदाराने सांगितलं" एवढ्यावर भागवू नका.

आडवाटेचा
मोत्या भाकरीवर जगला हे तुम्हाला मोत्याने सांगितलं का?
आमच्याही शेतावर कुत्री होती. सकाळी उंबऱ्याशी भाकरी खाऊन जी जायची ती थेट दिवेलागणीला उगवायची. मधल्या वेळात उंदीर, घुशी, खाटकाच्या दुकानामागचा ढीग, शेळी व्यायली की वार, आणि जेवताना वाचत नसाल तर हागणदारीसुद्धा. भाकरी हा पगार होता, वरकमाई वेगळी. प्रथिनं, चरबी, हाडांमधलं कॅल्शियम हे सगळं त्या वरकमाईत यायचं. तुमचा भुऱ्या तिसऱ्या मजल्यावर. त्याची वरकमाई बंद. ताटात पडेल तेच त्याचं जग.
आणि मोत्याच्या वेतातली बाकीची पिल्लं किती जगली, तेही जरा आठवून बघा. आपल्याला तेरा वर्षं जगलेलाच लक्षात राहतो.

कण्हेरी
मी एकेकाळी तुमच्याच पक्षात होते, म्हणून लिहिते. माझं पहिलं पिल्लू लॅब्रेडोर. पॅकेटचं नको म्हणून रोज ताजं बोनलेस चिकन उकडून भातात कालवायचे. काय आनंदाने खायचा! अंगावर चकाकी, पोट टुमटुमीत. साडेतीन महिन्यांचा झाला तेव्हा लक्षात आलं की पुढचे पाय बाहेरच्या बाजूला फाकतायत. मग तो पंजावर न चालता मनगट टेकवून चालायला लागला. उचलून घेतला की कुंई करायचा. सासूबाई म्हणाल्या, याला मुडदूस झालाय.
एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट की आजूबाजूच्या मांसातून वेगळी काढावी लागत होती. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: मुडदूस ड जीवनसत्त्व कमी पडल्याने होतो, हे थोडं निराळं. पिल्लाच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त हवं, १ ला सव्वाच्या आसपास. नुसत्या मांसात हिशेब उलटा, फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट. भातातही कॅल्शियम नावालाच. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी गळ्यातली एक ग्रंथी ते हाडांतून ओढून घेते. म्हणजे ज्या चिकनचा मला अभिमान होता, ते खात खात माझं पिल्लू स्वतःचीच हाडं खात होतं.
खाणं बदललं, दोन महिने उड्या बंद. बराच सावरला, पण डावा पाय शेवटपर्यंत वाकडाच राहिला. मोठ्या कुत्र्याला घरचं देण्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिलं वर्ष मात्र पिल्लांसाठीचंच, पूर्ण आहार असं लिहिलेलं पॅकेट द्या. प्रयोग नकोत.

रानमाणूस
भाकरीही नको, दाणेही नको. कुत्रा लांडग्याचा वंशज. त्याला ज्वारी-मका कशाला? कच्चं मांस, कच्ची हाडं, संपला विषय.

टाचणी
@रानमाणूस, वंशज आहे, लांडगा नाही. २०१३ साली 'नेचर'मध्ये कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना छापून आली. पिष्ट पचवणारा विकर ज्या जनुकातून तयार होतो, त्याच्या प्रती लांडग्यात दोन आणि कुत्र्यात कितीतरी जास्त. आपल्या चुलीशेजारी बसून बसून तो बदलला. धनगरांची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरी पचवत आलीत ती उगाच नाही. तेव्हा 'धान्यविरहित' छापलेल्या महागड्या पिशवीला भुलू नका. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशाच काही पिशव्यांची, ज्यांत धान्याऐवजी वाटाणा-मसूर भरलेले असतात, कुत्र्यांच्या हृदयविकाराशी सांगड आहे का याची चौकशी सुरू केली होती. ठाम काही सिद्ध झालं नाही, पण 'धान्य नाही म्हणजे उत्तम' हेही सिद्ध नाही. आणि रांगतं मूल असलेल्या घरात फरशीवर कच्चं चिकन? साल्मोनेला या जंतूंबद्दल एकदा डॉक्टरांना विचारा.

आता @कण्हेरी. तुमच्या पिल्लाचं वाचून वाईट वाटलं, पण दोष घरच्या अन्नाचा नव्हता, अर्धवट अन्नाचा होता. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. डॉक्टरांकडून माप घेऊन त्याची पूड घातली असती तर कदाचित हे टळलं असतं. पॅकेटवर एवढा विश्वास कशाला? २००७ साली अमेरिकेत मेलामाइन हे प्लास्टिक बनवायचं रसायन मिसळलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमुळे (गव्हातलं चिकट प्रथिन) कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं गेली, नावाजलेल्या कंपन्यांचा माल परत मागवावा लागला. आपल्याकडे तर उघड्या पोत्यातून सुटे दाणे किलोवर विकतात. पावसाळ्यात त्या पोत्यात हात घालून बघा. खवट तेलाचा वास येतो, खालचे दाणे मऊ पडलेले असतात. मक्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष, ते थेट यकृतावर. माझ्या घरचं मला निदान दिसतं तरी.

कण्हेरी
@टाचणी, सुटे दाणे घेऊ नयेत हे शंभर टक्के मान्य. पण 'पूड घातली असती' हे जितक्या सहज म्हणता, तिथेच माणसं फसतात. २०१३ मध्येच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी घरच्या कुत्राखाद्याच्या २०० पाककृती तपासल्या. १९० मध्ये काही ना काही कमी निघालं. नुसतं कॅल्शियमच नव्हे, जस्त, कोलीन (जीवनसत्त्वासारखाच एक पोषक घटक), ड आणि ई जीवनसत्त्व. कोलीन कमी पडतंय हे तुम्हाला पातेल्यात दिसणार आहे का?
उलटी चूकही सांगते. पिल्लांच्या पॅकेटवर जगणाऱ्या पिल्लाला वरून कॅल्शियमचं सिरप पाजायची आपल्याकडे पद्धतच आहे. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं जास्त कॅल्शियमनेही बिघडतात. पॅकेटात हिशेब आधीच झालेला असतो, त्यात आपला हात घालू नये.

सोवळ्यातला
आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मुलीच्या हट्टापायी कुत्रं आलंय. आई म्हणते, दूध-पोळी खाऊन राहील. माझं मत, राहणं वेगळं आणि वाढणं वेगळं. पण मांस-मच्छी शिजवायची नाही म्हटल्यावर इलाज काय?

आडवाटेचा
@सोवळ्यातला, इलाज तीन. आईंची समजूत काढणे (सोपं नाही). गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, आमच्या शेजारी असं चाललंय, श्रावणातसुद्धा. किंवा पिशवी, जी कापून ओतायची, शिजवायची नाही. हिशेब नीट घातला असेल तर कुत्रा शाकाहारी खाण्यावरही जगतो, मांजराला ते जमत नाही. पण 'नीट हिशेब' म्हणजे दूध-पोळी नव्हे. वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, तुमची फरशीच दोन दिवसांत सांगेल.

टाचणी
एक गोष्ट मात्र मूळ लेखात मलाही खटकली. "चार माणसांच्या स्वयंपाकात पाचवं तोंड." नाही हो! घरचं म्हणजे आपल्या ताटातलं नव्हे. आमटीतला कांदा-लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंडं बंद पडू शकतात आणि किती खाल्ले म्हणजे धोका हे कुत्र्यागणिक बदलतं. रस्सा झाल्यावर उरलेली शिजलेली हाडं ठिसूळ होऊन टोकदार फुटतात. त्याचं पातेलं वेगळं लावायचं असेल तरच घरचं. तेवढी उसाभर रोज होणार नसेल तर सरळ पिशवी घ्या. मी घरच्या बाजूची असूनही हे लिहिते.

पळवाट
काय द्यायचं यावर एवढं रण पेटलंय, किती द्यायचं यावर कोणी बोलत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रेडोरांवर झालेला आयुष्यभराचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या कुत्र्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. त्यांतली निम्मी कुत्री १३ वर्षांहून जास्त जगली, दुसऱ्या गटात हाच आकडा ११.२. (अभ्यास खाद्य कंपनीचाच होता. म्हणजे कंपनीनेच सांगितलं की कमी घाला!) नसबंदी झालेल्या १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी पुरतात. मारी बिस्किट एक म्हणजे पंचवीसेक. घरातली चार माणसं दोन-दोन देतात, प्रत्येकाला वाटतं मी एकटाच देतोय. झाल्या २००. बरगड्यांवरून हात फिरवा, हलकेच दाबल्यावर मोजता आल्या पाहिजेत.

रानमाणूस
बिस्किटावर सगळ्यांचं एकमत होणार असेल तर मी पण आहे त्यात. बाकी माझं मत कायम.

तिसरा_मजला
सगळं वाचलं. काल गावी फोन लावून आबांना विचारलं, मोत्या दिवसभर असायचा कुठं? आबा म्हणाले, "कुठं म्हंजे? मटणाच्या दुकानामागं. बाजारच्या दिवशी तर घराकडं फिरकायचाच न्हाई." तेव्हा आडवाटेचा यांचा मुद्दा मान्य, मोत्याचा दाखला मागे घेतो.
दाण्यांची बाजू पूर्ण पटली असं मात्र नाही. वर्षाचा होईपर्यंत पिल्लांचे दाणे, बंद पिशवीतले, दिवसातून चार वेळा, मोजून. नंतर डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन घरचं वेगळं पातेलं, हे माझ्या बाजूने ठरलंय. बायकोने "बघू" एवढंच म्हटलंय. आधी त्याला दूध-भात चालू होता, जुलाब होऊ नयेत म्हणून आठवडाभरात हळूहळू दाण्यांवर आणतोय. आज तिसरा दिवस. भात चाटून घेतो आणि दाणे एकेक करून वाटीबाहेर काढून ठेवतो, ओळीने.

कण्हेरी
कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. वास सुटतो. माझा तर त्यावर तुटून पडायचा.

तिसरा_मजला
भिजवले. खाल्ले. आता आबा पुढच्या आठवड्यात राहायला येतायत आणि फोनवरच म्हणाले, येताना भाकरी बांधून आणतो त्याला.