मदत हवी आहे : एकटीच्या प्रवासाच्या वह्या

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. गेली बरीच वर्षं एकटीच फिरते आणि प्रत्येक प्रवासाची वही लिहिते. बहुतेक वह्या कोकण किनाऱ्याच्या आहेत. एसटीने जायचं आणि आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडले, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटींनी खाड्या ओलांडत दक्षिणेला उतरायचं. शेवटची एसटी किती वाजता, जेटीवर चहा मिळतो का, एकट्या बाईला खोली कोण देतं (बऱ्याच लॉजवाल्यांचा पहिला प्रश्न "सोबत कोण?" हाच असतो), सगळं त्यात आहे.

आता किनाऱ्यालगतच्या रेवस–रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. बोटी बंद झाल्या तर ही माहिती कुणाच्या प्रवासाला उपयोगी पडणार नाही, पण नोंद म्हणून मला ती फार मोलाची वाटते. म्हणून जुने तपशील न बदलता, तारखेसकट तसेच ठेवायचे आहेत.

शाई पुसट होतेय. वह्या न उसवता स्कॅन करून देणारं ठाणे-कळव्यात कुणी खात्रीचं आहे का? हस्तलिखित मराठी बऱ्यापैकी ओळखणारं अॅप कुणी स्वतः वापरलंय का? नाहीतर घरी बसून टाइप करून देणारी व्यक्ती सुचवा. पानामागे दर काय चाललाय, तेही कळवा.