फुकेतला मी जहाजावरच थांबणार

ग्रुप : गणपती पेठ परिवार

सुमनआत्या : अभि, दिवाळीत तू टाकलेला तो आपल्या सिंगापूरच्या जहाज सहलीचा तक्ता मी आत्ता चष्मा लावून नीट वाचला. मलेशियात पेनांगला सकाळी उतरायचं, टेकडीची रेल्वे, मग पायऱ्यांचं ते मोठं देऊळ, मग बाजार, मग जेवण. फुकेतला स्पीडबोटीनं बेटावर. फेब्रुवारीत प्राचीला पाचवा असणार आहे हे कुणाच्या डोक्यात आहे का नाही??

अभि : आत्या तक्ता दिवाळीतला आहे. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. प्राचीलाही नव्हतं.

सुमनआत्या : आता तर माहीत झालंय ना. चोरओटी होऊन पंधरा दिवस झाले. तक्ता आहे तसाच आहे.

बापूकाका : जहाज कुणासाठी थांबत नाही. पाचला सुटणार म्हणजे चारला सगळे आत. आणि मोबाईलच्या घड्याळावर जाऊ नका. सिंगापूर मलेशियाचं घड्याळ एकच, थायलंड एक तास मागं. फुकेतला उतरलं की मोबाईल आपोआप एक तास मागं जाईल आणि जहाज स्वतःच्या वेळेवर चालत असेल. तुम्ही मोबाईलमध्ये तीन वाजलेत म्हणून नारळपाणी पीत बसाल, जहाजावर चार झालेले असतील.

अभि : बाबा, हे आठवड्यात चौथ्यांदा.

बापूकाका : एसटीत तीस वर्षं कंट्रोलर होतो. सांगूनही लोक फलाटावर राहतात.

मीनाकाकू : भडंग किती किलो घेऊ? सांगा म्हणजे आजच ऑर्डर देते. मागच्या वेळी दोनच किलो घेतलं आणि लोणावळ्यापर्यंत संपलं.

चिंटू : काकू घरी केलेलं जहाजावर नेऊ देत नाहीत, दुकानातलं सीलबंद पाकीट चालतं. आणि संपवलं कुणी ते सगळ्यांना माहीत आहे 🙂

मीनाकाकू : मग पाकिटं घेते. दहा.

निखिल : आम्ही दोघं कॅन्सल करतो सरळ. उगाच सगळ्यांच्या डोक्याला ताप नको.

सुमनआत्या : निखिलराव असं तोडून बोलू नका हो. मी काळजीनं बोलले.

निखिल : नाही आत्या, तोडून नाही. पण घरात, बाहेर, ग्रुपवर रोज हाच विषय. जायचं तर असं, नाही जायचं तर तसं. तिला रात्री झोप नाही.

बापूकाका : ॲडव्हान्स सगळ्यांचा एकत्र भरलाय. कॅन्सल करायचं तर आधी किती कापतात ते विचारा.

(निखिलने एक मेसेज डिलीट केला)

आण्णा : आजचं गणपती मंदिरातलं दर्शन 🙏 सर्वांना शुभ सकाळ

चिंटू : आण्णा अकरा वाजलेत

शिल्पाताई : मी ड्यूटीवर आहे त्यामुळं एकदाच लिहिते, नीट वाचा. १) मधले तीन महिने प्रवासाला सगळ्यात बरे, उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट फार मोठं झालेलं नसतं. २) मोठ्या जहाज कंपन्यांचा नियम आहे की प्रवासात कुठल्याही दिवशी चोवीस आठवडे भरत असतील तर घेत नाहीत. प्राचीला तेव्हा वीस एकवीस असतील, म्हणजे बसतंय, पण आठवडे लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र जवळ पाहिजे. नियम उगाच नाही. जहाजावर डॉक्टर नर्स असतात, पण बाळंतपणाची सोय नसते, बाळाला ठेवायला काचेची पेटी नसते. ३) पाच महिन्यांची मोठी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत होते, ती निघायच्या आधीच मिरजेला करून घ्यायची, रिपोर्ट हातात आल्याशिवाय कुणी बॅग भरू नका. ४) विम्यात गरोदरपण धरलंय का ते वाचा, बऱ्याच पॉलिसीत वगळलेलं असतं.

सुमनआत्या : बघा, माझी लेक बोलली. आता ऐका.

शिल्पाताई : आई मी जाऊ नका असं म्हणलेलं नाही.

माई : (माई सांगतेय, चिंटू टाइप करतोय) पोरीला डोहाळे लागलेत तर समुद्र बघू दे. कच्ची पपई मात्र खायची नाही. तिकडं म्हणे कच्च्या पपईचीच कोशिंबीर करतात, सुमननं फोनवर सांगितलं. आणि पाण्याच्या कडेला तिन्हीसांजेला उभं राहायचं नाही.

बापूकाका : जहाज कुणासाठी थांबत नाही. वर लिहिलंय ते परत वाचा. घड्याळ.

प्राची : मी पण याच ग्रुपवर आहे हं. सकाळपासून सगळं वाचतेय, मधे क्लासची दोन लेक्चर घेऊन आले. आता माझं ऐकता का?

मी जाणार आहे. पहिल्या तीन महिन्यांत मी काय सोसलंय ते निखिलला आणि आईला माहीत, पाणीसुद्धा पोटात राहत नव्हतं, विश्रामबागेतल्या त्या खोलीची भिंत आणि पंखा एवढंच बघत पडून होते, आणि त्या दिवसांत एकच गोष्ट डोळ्यासमोर होती की फेब्रुवारीत मी डेकवर बसेन आणि समोर नुसतं पाणी असेल. तुम्ही सगळे मला फिरवायचं म्हणताय नाहीतर घरी ठेवायचं म्हणताय. मला दोन्ही नकोय. मला बंदराच्या दिवशी एक गोष्ट करायची आहे, एकच, सावकाश, आणि परत येऊन पाय वर करून बसायचंय.

पेनांगला जहाज थेट जॉर्जटाउन शहराच्या धक्क्याला लागतं, स्वेटनहॅम पिअर. गाडीबिडी काही नको. बाहेर पडलं की घड्याळाचा टॉवर आणि कॉर्नवॉलिस किल्ला, इंग्रजांचा कप्तान फ्रान्सिस लाइट १७८६ ला उतरला तिथला. तो मी बाहेरूनच बघणार. मग लिटल इंडिया आणि क्वीन स्ट्रीटवरचं मारिअम्मन देवीचं देऊळ, १८३३ चं. सगळं सपाट आहे, चढ नाही. तमिळ लोकांची देवळं दुपारी बंद असतात म्हणून सकाळीच जायचं, ऊन चढायच्या आत. दर्शन, कुठंतरी बसून इडली, आणि अकरा साडेअकराला परत. टेकडीची रेल्वे तुम्ही करा. माथा आठशे मीटरच्या वर आहे, गाडीत बसून तिकडं जा, रांगेत उभे राहा, वर जा, परत रांग. मला नाही झेपणार आणि मला वाईटही वाटत नाहीये.

आणि फुकेतला मी उतरणारच नाही. तिथं पाटोंगसमोर जहाज समुद्रातच नांगर टाकतं, छोट्या बोटीत पाय टाकून किनाऱ्याला जायचं, बोट वरखाली होत असते. त्यापुढं स्पीडबोट तर नावच नको, ती लाटांवर आपटत जाते, गरोदर बाईला तेच लोक घेत नाहीत. त्या दिवशी सगळं जहाज रिकामं असतं. मी जहाजावरच थांबणार. एकटी.

सुमनआत्या : एकटी म्हणजे??

प्राची : एकटी म्हणजे एकटी, आत्या. निखिलनंही जायचं. त्यानं ते बेट बघायचं म्हणून वर्षभर पैसे साठवलेत.

निखिल : मी जाणार नाही हे आपलं ठरलंय.

प्राची : तुझं ठरलंय.

चिंटू : मी थांबतो ताईजवळ, पोहायला पूल आहे ना. दिवसभर पिझ्झा पण.

मीनाकाकू : पूलवरून आठवलं, ते गरम पाण्याचं टाकं असतं म्हणे, बुडबुड्याचं, त्यात गुडघ्याला बरं वाटतं का शिल्पा?

शिल्पाताई : तुम्हाला चालेल काकू. प्राचीनं बसायचं नाही, त्या पाण्यानं अंग फार तापतं. साधा पूल चालेल.

सुमनआत्या : विषय कुठं नेताय. पोर परक्या समुद्रात पाच महिन्यांची एकटी थांबणार म्हणते आणि तुमचं गुडघ्याचं चाललंय.

मीनाकाकू : माझ्या गुडघ्याचं कुणाला काही नाहीच, ते माहीत आहे मला.

मेघावहिनी : मी बोलणार नव्हते पण बोलते. प्राचीला एकटं ठेवायचं नाही. मालवणला ओवी आठ महिन्यांची होती, तिला ताप होता, आणि सगळे होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलात. दोन तासांत येतो म्हणून गेलात ते चारला आलात. लॉजच्या खोलीत लाईट नव्हती, पोरगी रडत होती, तिला खांद्यावर घेऊन मी चकरा मारत होते आणि खिडकीतून तो किल्ला दिसत होता. आल्यावर सगळ्यांनी फोटो दाखवले. जेवलीस का हे माईंनी फोनवरून विचारलं, ते पण सांगलीतून. मी आजवर कुणाला काही म्हणलं नाही. पण परत कुणा बाईला तसं ठेवून सगळे फिरायला गेलेले मला बघवणार नाही.

मीनाकाकू : अगं तेव्हा तूच म्हणालीस की जावा म्हणून.

मेघावहिनी : म्हणाले. सगळे चपला घालून दारात उभे होते आई, काय म्हणणार होते मी.

(अभिने एक मेसेज डिलीट केला)

आण्णा : 🙏

सुमनआत्या : झालं गेलं गंगेला मिळालं मेघा. आता त्याचं काय.

मेघावहिनी : आता प्राचीचं आहे म्हणून बोलले.

बापूकाका : मालवणला उशीर झाला कारण परतीच्या होडीची वेळ कुणी विचारली नव्हती. मी तेव्हाही म्हणलो होतो. जहाज कुणासाठी थांबत नाही. किनाऱ्यावरून जहाजाकडं शेवटची छोटी बोट किती वाजता आहे ते सकाळीच विचारून हातावर लिहून ठेवा. आणि जहाजाच्या वेळेनं लिहा. मोबाईलच्या नाही.

अभि : बाबा प्लीज. आत्ता नको.

प्राची : वहिनी, मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा हॉस्टेलला होते, मला फक्त फोटो आले होते. तुझं वेगळं होतं गं, तुला जायचं होतं आणि तुला खोलीत ठेवलं. मला जायचंच नाहीये. मला खरंच कुणी पहारा द्यायला नकोय, कुणी जवळ बसलं की मला सारखं वाटत राहतं की माझ्यामुळं याचं राहिलं, मग मी बरी आहे बरी आहे म्हणत त्याचंच मन राखत बसते. लग्न झाल्यापासून सहा तास एकटी अशी मी कधी बसलेच नाही. खाली दवाखाना आहे, खोलीत फोन आहे, काही दुखलं, रक्त दिसलं, पाणी गेल्यासारखं वाटलं तर काय करायचं ते शिल्पाताईनं कागदावर लिहून दिलंय.

शिल्पाताई : दिलंय. आणि तो कागद पर्समध्ये नाही, गळ्यातल्या कार्डाच्या पाकिटात ठेव. डासांचं पण बघा सगळ्यांनी. २०२१ ला आपल्या पुरंदरच्या बेलसरमध्ये झिका तापाचा पेशंट सापडला होता ना, राज्यातला पहिला, तो हाच डास, दिवसा चावणारा. तिकडंही झिका डेंग्यू असतोच. झिका पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतो म्हणून पेनांगला पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता, आणि अंगाला लावायचं मलम डॉक्टरांना विचारून. निखिल, तू पण लाव, डॉक्टरांनी तुम्हा दोघांना सांगितलंय.

निखिल : हो ताई.

सुमनआत्या : मला तर बाई तो मुंबईपर्यंतचा प्रवासच जड वाटतोय. रात्रभर बस, खड्डे.

अभि : बस रद्द केली आत्या. महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं बघतोय, प्राचीला खालचा बर्थ. गाडीत संडास तरी आहे. आणि विमानात कडेची सीट, साडेपाच तास आहेत, तासातासाला उठून चालायचं.

प्राची : थँक्यू दादा. खरं तर मला समुद्राची भीती नव्हती, हायवेचीच होती. आणि संडासाचं कुणीतरी बोललं एकदाचं, मी पेनांगला पण आधी तेच शोधून ठेवणार आहे.

माई : (चिंटू टाइप करतोय) मेघाला सांगा माई म्हणाली की मालवणचं मला रात्री झोपताना अजून आठवतं. मी तिथं नव्हते, असते तर थांबले असते.

अभि : मेघा, मी डिलीट केलं त्यात सॉरीच लिहिलं होतं. सगळ्यांसमोर बरं दिसेना म्हणून काढलं. आता परत लिहितो. सॉरी. ओवीला घेऊन मी आणि बाकीचे पाटोंगच्या किनाऱ्यावर जातो, स्पीडबोट काढून टाकली, निखिलला जायचं असेल तर त्याची एकट्याची बुक करू. तुला पाहिजे ते तू कर.

मेघावहिनी : मग मी पण उतरत नाही. प्राची, तुझ्याजवळ नाही बसणार, घाबरू नकोस. तू वरच्या डेकवर बस, मी खालच्या. मला पण सहा तास पाहिजेत.

प्राची : चालतंय की 😊 जेवायला पण वेगवेगळं हं.

मेघावहिनी : वेगवेगळं. दुपारी एकदा अंगठा पाठव फक्त.

निखिल : मग मी जाऊ का बेटावर?

प्राची : जा की. तेच तर सांगतेय महिनाभर.

सुमनआत्या : मला हे पटलेलं नाही. पण शिल्पा म्हणते तर असू दे. अभि तक्ता नवीन करून टाक, पेनांगला प्राचीच्या नावापुढं देऊळ आणि इडली एवढंच लिही. आणि देवळात मी तिच्याबरोबर जाणार, तेवढं तरी येऊ दे मला.

प्राची : ये ना आत्या. लिटल इंडियात दुकानांच्या पुढं त्या ओसऱ्या असतात, सावली असते पण फरशी वरखाली आहे म्हणतात. तुझा हात लागेलच मला.

मीनाकाकू : पाकिटं बारा घेते मग. दोघी जहाजावर राहणार म्हणजे लागतीलच.

बापूकाका : जहाज कुणासाठी थांबत

चिंटू : काका अर्धाच गेला मेसेज

बापूकाका : हात लागला. मी तर येत नाही, माईजवळ थांबणार आहे. अभि, माझं एचएमटी घेऊन जा. चावीचं आहे, आपलं आपण मागंपुढं होत नाही. सिंगापूरला जहाजावर चढलास की तिथल्या वेळेला लाव, रोज सकाळी चावी दे, काट्याला परत हात लावू नकोस. फुकेतला ओवीला घेऊन उतरशील तेव्हा तेच बघ.

अभि : पट्टा तुटलाय ना त्याचा?

बापूकाका : कालच बदलून आणलाय.